जुन्या, मिश्र वस्तीच्या उपनगरात एकल पालक म्हणून राहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बदलण्याच्या विचारात असलेले एकल पालक गेली काही वर्षे जे प्रश्न सतत पाठवत आहेत, ते येथे एकत्र केले आहेत. मी स्वतः मुलीला घेऊन अशाच एका वस्तीत राहायला गेले होते, त्यामुळे काही उत्तरांत माझे अनुभवही आले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल आणि एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. भाडेकरार, मुलाचा ताबा आणि शाळाप्रवेश यांचे नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून त्या बाबतीत स्थानिक वकिलाचा किंवा कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

१. जुने, मिश्र वस्तीचे उपनगर म्हणजे नेमके काय? नव्या वसाहतीपेक्षा ते वेगळे कसे?

शहराच्या कडेला काही दशकांपूर्वी घरे उभी राहिली, तेथे आलेली पहिली पिढी आता म्हातारी झाली किंवा निघून गेली आणि तिच्या जागी निरनिराळ्या भाषांची, धर्मांची आणि उत्पन्नगटांची कुटुंबे आली, अशा भागाला आपण येथे जुने, मिश्र उपनगर म्हणत आहोत. ही सरमिसळ सगळीकडे सहज झालेली नाही. न्यूयॉर्कजवळचे लेव्हिटाउन १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांहून अधिक घरांचे उपनगर म्हणून वसले, पण तेथील सुरुवातीच्या करारांत कृष्णवर्णीयांना राहण्यास मनाई होती. घरांच्या विक्रीत आणि भाड्यात वंशावरून भेदभाव करण्यास अमेरिकेत केंद्रीय कायद्याने बंदी आली ती १९६८ साली. अशा वस्त्यांच्या जुन्या रहिवाशांशी बोलताना हा इतिहास ठाऊक असलेला बरा, कारण तो कित्येकांच्या आठवणीत अजून ताजा असतो.

एकल पालकाच्या दृष्टीने अशा भागाचे मोठे बळ म्हणजे वेगवेगळ्या वयांची माणसे. नव्या वसाहतीत बहुतेक घरांना सकाळी कुलूप लागते आणि रात्री ते उघडते. जुन्या वस्तीत दुपारीसुद्धा निवृत्त माणसे, पाळीवर काम करणारे आणि लहान मुलांचे आईबाप घरी असतात. शाळा, दवाखाना, वाचनालय आणि बसथांबा अनेकदा चालण्याच्या अंतरावर असतात. त्याची किंमत मोजावी लागते ती घराच्या जुनेपणाच्या रूपाने (प्रश्न ४ पाहा).

२. घर पाहायला जाते तेव्हा गोंधळून जाते. सर्वांत आधी काय तपासावे?

घर पाहण्याआधी घरी बसून कागदावर तुमचा एक साधा कामाचा दिवस तासांनुसार लिहून काढा आणि प्रत्येक तासापुढे मूल कोणाजवळ असेल ते लिहा. दोन पालकांच्या घरात एकाला उशीर झाला तर दुसरा धावून जातो. तुमच्याकडे तो दुसरा माणूस नाही, त्यामुळे कागदावर काही तास रिकामे राहतील. शाळा सुटल्यापासून तुम्ही घरी पोहोचेपर्यंतचे दोन-तीन तास, शाळेला सुटी पण तुम्हाला नाही असे दिवस आणि मूल आजारी पडल्याची सकाळ, हे ते तास. नवीन वस्तीने तुम्हाला नेमके हेच तास भरून द्यायचे आहेत. खोल्या किती आणि स्वयंपाकघर केवढे, हा प्रश्न त्यानंतरचा.

मग ती जागा निदान चार वेगवेगळ्या वेळी पाहा: कामाच्या दिवशी सकाळी, शाळा सुटण्याच्या वेळी, अंधार पडल्यावर आणि सुटीच्या दिवशी. मी आमचे घर फक्त एका रविवारी पाहिले होते. रस्ता इतका निवांत वाटला, की मी त्याच दिवशी होकार देऊन टाकला. पहिल्या सोमवारी मुलीचा हात धरून शाळेला निघाले, तेव्हा कळले की त्याच रस्त्यावरून सकाळी मालाचे ट्रक जातात आणि ओलांडण्याच्या जागी ना सिग्नल आहे, ना पट्टे. पुढे तीन महिने आम्ही लांबच्या गल्लीने जात राहिलो.

शाळेपासून घरापर्यंतचे अंतर नकाशावर मोजण्यापेक्षा मुलाला बरोबर घेऊन त्याच्या चालीने चालून पाहा. किती रस्ते ओलांडावे लागतात, पदपथ कोठे तुटतो, वाटेत मुलाला आत जाऊन थांबता येईल असे एखादे ठिकाण आहे का, हे चालल्याशिवाय कळत नाही. तुम्ही बसने कामावर जाणार असाल, तर एक बस चुकल्यास दुसरी किती वेळाने येते ते पाहा. पाळणाघर बंद होण्याच्या वेळेशी हा हिशेब बांधलेला असतो.

३. आधी भाड्याने राहावे की थेट विकत घ्यावे?

पैसे असले तरीही पहिले एक वर्ष भाड्याने राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वस्ती कशी आहे हे सगळे ऋतू आणि शाळेचे एक पूर्ण वर्ष पाहिल्याशिवाय समजत नाही. शिवाय घराचा सगळा भार एकाच पगारावर असताना चुकीचे घर विकून बाहेर पडणे फार महागात जाते.

विकत घेणारच असाल, तर हप्त्याखेरीज देखभालीसाठी दर वर्षी घराच्या किमतीच्या सुमारे १ टक्का रक्कम बाजूला ठेवावी, असा एक ढोबळ आडाखा सांगितला जातो. जुन्या घराला त्याहून जास्त लागू शकते, कारण छप्पर, नळ आणि वायरिंग यांचे आयुष्य अनेकदा एकाच सुमारास संपत आलेले असते. झाडांची मुळे सांडपाण्याच्या जुन्या पाइपांच्या सांध्यांत शिरतात आणि पाणी तुंबते, हाही जुन्या उपनगरांतील ठरलेला खर्च आहे. त्यामुळे खरेदीपूर्वी ड्रेनेजचीही तपासणी करून घ्यावी.

४. जुन्या घरात लहान मुलांना नेमका कशाचा धोका असतो? ते कसे तपासावे?

पहिला धोका शिशाचा. जुन्या रंगांत शिसे मिसळलेले असे. अमेरिकेत घरगुती रंगांत त्यावर बंदी आली ती १९७८ साली आणि अनेक देशांत त्याहूनही उशिरा. शिशाची कोणतीही पातळी मुलांसाठी सुरक्षित असल्याचे ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो आणि झालेले नुकसान बहुधा भरून येत नाही. सहा वर्षांखालील मुलांना धोका अधिक, कारण ती जमिनीवर खेळतात आणि हात तोंडात घालतात.

खिडक्यांकडे विशेष लक्ष द्या. झडप वर-खाली किंवा आत-बाहेर होताना चौकटीवर घासते आणि रंगाची बारीक धूळ खाली पडत राहते. मुलीच्या खोलीतील खिडकीच्या उंबऱ्यावर नखाएवढे पोपडे सुटलेले मी पहिल्या आठवड्यातच पाहिले होते. वरचा रंग पांढरा, त्याखाली हिरवा आणि त्याखाली पिवळट असे थर स्पष्ट दिसत होते. तिला ते पोपडे नखाने उचकटायला फार आवडे. मी ते खरवडून, पॉलिश पेपरने घासून नवा रंग लावायला निघाले होते आणि नेमके तेच करायचे नसते. कोरडे घासल्याने शिशाची धूळ घरभर पसरते. रंगाची तपासणी होईपर्यंत ती जागा ओल्या फडक्याने पुसावी, मुलाचा पलंग खिडकीपासून दूर ठेवावा, हात वारंवार धुवावेत आणि शंका असल्यास डॉक्टरांना सांगून मुलाच्या रक्तातील शिशाचे प्रमाण तपासून घ्यावे. ही साधी रक्ततपासणी आहे.

शिसे नळाच्या जुन्या पाइपांतूनही येते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, शिसे मात्र जात नाही. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी थंड पाण्याचाच नळ वापरावा आणि रात्रभर साचलेले पाणी सकाळी थोडे वाहू द्यावे. पाइप बदलेपर्यंत एवढी काळजी तरी घेता येते.

दुसरा धोका अ‍ॅस्बेस्टॉसचा. छताचे पत्रे, पाइपांवरची वेष्टणे आणि जमिनीच्या जुन्या फरश्या यांत ते असू शकते. ब्रिटनमध्ये १९९९ साली आणि ऑस्ट्रेलियात २००३च्या अखेरीस त्यावर पूर्ण बंदी आली, त्यामुळे त्याआधीच्या घरांत ते असण्याची शक्यता धरून चालावे. धड, न तुटलेल्या वस्तूचा धोका कमी असतो. तिला भोक पाडणे, कापणे किंवा घासणे धोक्याचे, म्हणून भिंतीत खिळा ठोकण्यापूर्वी माहीतगार माणसाला दाखवावे.

विजेसाठी वायरमनला तीन गोष्टी विचारा: आर्थिंग आहे का, वायर किती जुनी आहे आणि ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी बसवलेले आहे का. हे उपकरण वीज गळू लागताच प्रवाह तोडते. गॅसवर चालणारा गिझर किंवा हीटर असेल, तर हवा खेळती असल्याची खात्री करा आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र लावा. त्या वायूला वास नसतो, आणि घरात दुसरे जाणते माणूस नसताना ते यंत्र तरी जागे असावे.

जिन्याच्या आणि गच्चीच्या कठड्याच्या गजांमधली फट अनेक देशांच्या नियमांत सुमारे १० सेंटिमीटरपर्यंतच ठेवायला सांगतात. जुन्या घरांत ती बऱ्याचदा जास्त असते. सोबत टेप घेऊन जा आणि मोजा.

५. घरमालक "घरात पुरुष माणूस कोण?" असे विचारतात. किती सांगावे?

राहणार किती जण, उत्पन्न किती आणि आधीचे भाडे वेळेवर दिले का, हे विचारण्याचा त्यांना रास्त हक्क आहे. घटस्फोट का झाला किंवा जोडीदार कोठे आहे, हे सांगण्यास तुम्ही बांधलेले नाही. "घर माझ्या नावावर घेत आहे, भाडे मी देणार आहे, ही माझ्या पगाराची कागदपत्रे," एवढे शांतपणे सांगावे आणि विषय कागदांवर आणावा. काही देशांत मुले असल्याच्या कारणावरून घर नाकारणे बेकायदा आहे. अमेरिकेत १९८८च्या दुरुस्तीने ते संरक्षण आले. तुमच्या ठिकाणी तसा नियम असल्यास नकार लेखी मागावा. भाडेकरारात दुरुस्ती कोणी आणि किती दिवसांत करायची हे लिहून घ्यावे. जुन्या घरात भांडणे बहुधा त्यावरूनच होतात.

६. परिसर सुरक्षित आहे की नाही, हे बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे?

भिंतींचा उडालेला रंग आणि जुन्या गाड्या पाहून वस्तीची परीक्षा करू नये. शिकागोमध्ये रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४३ वस्त्यांतील ८,७८२ रहिवाशांशी बोलून केलेला एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. मुले शाळा बुडवून कोपऱ्यावर टवाळक्या करत असतील, तर शेजारी त्यांना हटकतील का, अशा स्वरूपाचे प्रश्न त्यात होते. जेथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास होता आणि हटकण्याची तयारी होती, तेथे हिंसा कमी होती, आणि गरिबीचा परिणाम वेगळा काढल्यावरही हा संबंध टिकून राहिला.

याचा उपयोग असा करता येतो. शाळा सुटल्यानंतर अर्धा तास त्या रस्त्यावर थांबा. मुले बाहेर खेळतात का? दुसऱ्याच्या मुलाला कोणी नावाने हाक मारते का? आमच्या समोरच्या घराच्या पायरीवर एक वृद्ध बाई रोज खुर्ची टाकून बसत आणि रस्त्यावर पळणाऱ्या प्रत्येक मुलाला "गाडी येते आहे, बाजूला हो" म्हणून दटावत. त्यांची भाषा माझ्या मुलीला पहिल्यांदा कळत नव्हती, पण बाजूला व्हायचे हे मात्र बरोबर कळे. अशी एखादी व्यक्ती दिसली, तर वस्तीबद्दल पुष्कळ कळले असे समजा. पोलिसांकडील गुन्ह्यांची आकडेवारी मिळत असेल, तर तीही पाहावी, मात्र सगळ्या शहराची सरासरी न पाहता त्या गल्लीपुरती आणि वेळेनुसार पाहावी.

७. वेगवेगळ्या समाजांचे लोक एकत्र राहतात तेथे कोणाचा कोणावर विश्वास नसतो, असे ऐकले. हे खरे आहे का?

हे विधान बहुधा रॉबर्ट पुटनम यांच्या २००७ सालच्या संशोधनावरून केले जाते. अमेरिकेतील अधिक विविधता असलेल्या वस्त्यांत लोक निदान सुरुवातीला एकमेकांपासून अंग चोरून राहतात, असे त्यांना आढळले होते. पण काळ जातो तशी "आपण" या शब्दाची व्याप्ती वाढू शकते, हेही त्यांनीच मांडले होते आणि हा भाग पुढे सांगितला जात नाही. शिवाय सततची ये-जा आणि गरिबी यांचा विश्वासावर होणारा परिणाम विविधतेच्या माथी मारला जातो, असा आक्षेप नंतरच्या अभ्यासकांनी घेतला.

माझ्या मते जास्त उपयोगी आहे ते मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांचे १९५४ सालचे म्हणणे. नुसते शेजारी राहिल्याने पूर्वग्रह जात नाहीत. दोन्ही बाजू बरोबरीच्या असाव्यात, काम समान असावे, ते मिळून करावे लागावे आणि एखाद्या संस्थेचा त्याला पाठिंबा असावा, तेव्हा ते कमी होतात. शाळेतील पालकांचा गट, मैदानाची साफसफाई किंवा मुलांना पाळीपाळीने शाळेत सोडणे, यांत या चारही गोष्टी जुळून येऊ शकतात. एकल पालकाला ही कामे तशीही करावी लागतात, म्हणून ती मिळून करावीत.

८. मी बुजरी आहे आणि वेळही नाही. शेजाऱ्यांशी ओळख करायची तरी कशी?

घट्ट मैत्री हे पहिले ध्येय ठेवू नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवून दिले, की दूरच्या, सैल ओळखींमधूनच नवी माहिती आपल्यापर्यंत पोहोचते, कारण जवळच्या माणसांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्याला असते. चांगले पाळणाघर, रात्री उघडा असणारा दवाखाना आणि वेळेवर येणारा प्लंबर हे सगळे सैल ओळखीतूनच कळते.

एखादी लहानशी मदत मागणे, ही ओळखीची उत्तम सुरुवात आहे. "कचऱ्याची गाडी कोणत्या दिवशी येते?" एवढा प्रश्नही पुरतो. एकट्याने निभावून नेण्याची सवय झालेल्या पालकाला मागणे जड जाते, हे मी जाणते. पण मागितल्याने समोरच्यालाही तुमच्याकडे काही मागण्याची मोकळीक मिळते आणि ये-जा सुरू होते. तुम्ही काय देऊ शकता हेही ठरवून ठेवा: शनिवारी सकाळी दोन तास शेजारच्या मुलांना सांभाळणे, वयस्कर शेजाऱ्याची औषधे आणून देणे, कोणाचे अर्ज भरून देणे. फक्त घेणारे घर म्हणून ओळख झाली, तर नाती लवकर आटतात. पत्ता गुप्त ठेवण्याची गरज असेल, तर हे उत्तर तसेच्या तसे लागू करू नका. प्रश्न १३ वाचा.

९. मुलाला कोणत्या वयात हलवणे योग्य?

अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतील सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यातील बहुतेक घरांच्या प्रमुख एकट्या आया होत्या. सोडत काढून त्यांतील काहींना कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी भाड्याचे साहाय्य मिळाले. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात दिसले, की १३ वर्षांच्या आत अशा वस्तीत गेलेल्या मुलांचे विशीतील उत्पन्न न गेलेल्यांपेक्षा ३१ टक्के जास्त होते. त्याहून मोठ्या वयात गेलेल्यांना लाभ दिसला नाही, उलट थोडे नुकसानच दिसले. मैत्री आणि शाळा तुटल्याचा फटका हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते.

यावरून १३ हा आकडा लक्ष्मणरेषा समजू नये, कारण तो प्रयोग दाट गरिबीतून बाहेर पडण्याचा होता. मोठ्या मुलाच्या बाबतीत शक्य तर शैक्षणिक वर्ष संपल्यावर हलावे, जुन्या मित्रांकडे जाण्याचा बसखर्च धरूनच महिन्याचा हिशेब मांडावा आणि घर निवडताना त्याचे मत खरोखर विचारात घ्यावे. वरचेवर घर बदलणे मात्र कोणत्याही वयात टाळावे.

१०. शाळा कशी पारखावी?

निकालांच्या आकड्यांइतकेच महत्त्व शाळा सुटल्यानंतरच्या सोयीला द्या. पाच मिनिटे उशीर झाला तर मुलाला आत थांबवून घेतात की फाटकाबाहेर सोडतात, हा प्रश्न थेट विचारा. मुलाला नेण्याची परवानगी असलेल्या व्यक्तींची लेखी यादी शाळेकडे असावी. शक्य असल्यास मधल्या सुटीत मैदानावर पाहा: निरनिराळ्या घरांतील मुले एकत्र खेळतात की आपापले कोपरे धरून बसतात? चेट्टी यांच्या गटाने २०२२ साली ७ कोटींहून अधिक फेसबुक वापरकर्त्यांच्या मैत्र्यांचा अभ्यास केला. गरीब घरांतील मुलांची सधन घरांतील मुलांशी मैत्री जेथे जास्त होते, तेथे ती मुले पुढे अधिक कमावतात, असे त्यात आढळले. मिश्र वस्तीतील शाळा अशा मैत्रीला जागा देते की वर्गातच वेगळ्या तुकड्या पाडते, हे पाहणे म्हणूनच गरजेचे आहे.

११. मीच आजारी पडले किंवा अडकले, तर?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा रात्री उशिरा लिहिलेला असतो. पहिल्या महिन्यातच दोन माणसे ठरवा: एक हाकेच्या अंतरावरचे, जे दहा मिनिटांत दाराशी येऊ शकेल, आणि एक लांबचे पण पूर्ण भरवशाचे, जे काही तासांत येऊन रात्रभर थांबू शकेल. दोघांना स्पष्ट शब्दांत विचारा. मनातल्या मनात गृहीत धरू नका.

एका कागदावर मुलाचे नाव, वय, रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधे, डॉक्टर आणि शाळा यांची माहिती आणि त्या दोन माणसांचे क्रमांक लिहा. एक प्रत फ्रिजवर, एक दप्तरात आणि एक तुमच्या पाकिटात ठेवा. तुमच्या गैरहजेरीत मुलावर उपचार करण्यास संमती कोण देऊ शकेल, याचे लेखी पत्र तुमच्याकडील नियमांनुसार करून घ्या. मुलाला तुमचे पूर्ण नाव, घराचा पत्ता आणि एक क्रमांक तोंडपाठ असू द्या, कारण फोनची बॅटरी नेमकी त्याच दिवशी संपलेली असते.

१२. मुलाचा ताबा माझ्याकडे आहे. घर बदलायला दुसऱ्या पालकाची संमती लागते का?

ते न्यायालयाच्या आदेशात काय लिहिले आहे, यावर अवलंबून असते. भेटीचे दिवस आणि मुलाने कोठपर्यंत राहावे याच्या अटी आदेशात असतील, तर त्याच शहरातला बदलही कळवावा लागू शकतो. आदेशात काही नसले तरी नवा पत्ता, शाळा आणि भेटीसाठीच्या प्रवासाची व्यवस्था लेखी कळवून उत्तर जपून ठेवावे. देशाबाहेर जायचे असेल, तर संमतीविना पाऊल टाकू नये. मुलांना बेकायदा परदेशी नेण्यासंबंधीचा हेग करार १९८० सालचा आहे, शंभराहून अधिक देश त्यात सहभागी आहेत आणि मूल परत पाठवण्याचा आदेश त्याखाली होऊ शकतो. धोक्यामुळे पत्ता सांगणेच शक्य नसेल, तर पुढील उत्तर पाहा.

१३. आधीच्या जोडीदारापासून जिवाला धोका आहे. अशा वेळी ओळखी वाढवणे बरोबर आहे का?

ओळखी हव्यात, पण मोजक्या आणि निवडून. प्रथम वकिलाला किंवा पीडितांना मदत करणाऱ्या संस्थेला भेटा आणि पत्ता न उघड करता न्यायालयात अर्ज कसा करायचा ते विचारा. फोन, टॅब्लेट आणि मुलाचे घड्याळ यांतील ठिकाण दाखवणाऱ्या सुविधा आणि एकत्रित खाती घर बदलण्यापूर्वीच बंद करा. जुना फोन मुलाच्या खेळण्यांत राहून जातो आणि त्यातूनच पत्ता फुटतो. शाळेला आदेशाची प्रत द्या आणि मुलाचे छायाचित्र कोठेही प्रसिद्ध करू नये, असे लेखी कळवा.

शेजाऱ्यांपैकी एका-दोघांना गरजेपुरते सांगा: "अमुक गाडी किंवा अमुक माणूस दिसल्यास मला आणि पोलिसांना कळवा, माझ्याबद्दल कोणालाही माहिती देऊ नका." प्रश्न ६ मधील पायरीवरच्या बाईंसारखी व्यक्ती अशा वेळी फार मोलाची ठरते.

१४. वस्तीत बोलली जाणारी भाषा मुलाला येत नाही. घरी आपली भाषा बंद करावी का?

बंद करू नये. दोन भाषांमुळे मुलांचा बुद्धिविकास खुंटतो, ही जुनी समजूत चुकीची आहे. नव्या भाषेत मूल काही आठवडे किंवा महिने जवळपास गप्प राहू शकते आणि त्या काळात ते ऐकून शिकत असते. गप्प राहणे घरच्या भाषेतही सुरू झाले, तर मात्र तज्ज्ञांना दाखवावे. घरची भाषा हीच अनेकदा आजी-आजोबांशी बोलण्याची एकमेव भाषा असते, आणि एकल पालकाच्या मुलाला ते नाते इतरांहून जास्त लागते.

१५. मी एकटा बाप आहे. इतर पालक आपली मुले माझ्या घरी खेळायला पाठवत नाहीत. काय करावे?

हा अनुभव बरेच वडील लिहून कळवतात आणि तो मनाला लागणारा असतो. सुरुवातीला भेटी घराऐवजी मैदानात, वाचनालयात अशा उघड्या ठिकाणी ठेवा आणि मुलांबरोबर पालकांनाही बोलवा. घरी बोलावताना कोण कोण असेल आणि किती वाजता सोडाल ते आपणहून सांगा, दार उघडे ठेवा. शाळेच्या गटात एखादे ठरावीक काम अंगावर घ्या, म्हणजे लोक तुम्हाला कामातून ओळखू लागतात. मुलगी वयात येत असेल, तर तिला मोकळेपणाने विचारता येईल अशी एक विश्वासू स्त्री नातलगांत किंवा शेजारात आधीच पाहून ठेवा. तरीही मूळ गोष्टी तुम्ही स्वतः तिला सांगाव्यात.

१६. मुलाला घरी एकटे किती वयापासून ठेवता येते?

काही ठिकाणी वय कायद्याने ठरलेले असते, काही ठिकाणी नसते; आधी ते पाहा. वयाखेरीज तीन गोष्टी तपासा: अनोळखी माणसाला दार न उघडण्याचा नियम ते पाळते का, आग किंवा दुखापत झाल्यास काय करायचे हे करून दाखवू शकते का, आणि त्याला स्वतःला भीती वाटते का. पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा आणि हाकेच्या अंतरावरच्या शेजाऱ्याला (प्रश्न ११) त्या वेळेची कल्पना द्या.

१७. परिसरातील भाडी झपाट्याने वाढत आहेत. आमच्यासारख्यांना पुन्हा निघावे लागेल का?

ती शक्यता खरी आहे. सधन लोक जुन्या वस्तीत आल्याने मूळचे लोक बाहेर ढकलले जाण्याच्या प्रक्रियेला रूथ ग्लास यांनी १९६४ साली लंडनच्या संदर्भात 'जेंट्रिफिकेशन' हे नाव दिले. तुमचे उत्पन्न बरे असेल, तर तुमच्या येण्याचाही त्यात थोडा वाटा असू शकतो, हे मनात असावे. भाडेकरार शक्य तितका लांब मुदतीचा करा, वाढीची टक्केवारी त्यात लिहून घ्या आणि भाडेकरूंची संघटना असल्यास तिचे सभासद व्हा. एकट्याने घरमालकाशी बोलणे आणि वीस घरांनी मिळून बोलणे यांत फार फरक पडतो.

१८. सहा महिने झाले, तरी मुलगी "परत जाऊ या" म्हणते. माझा निर्णय चुकला का?

सहा महिने हा कमी काळ आहे. ती नेमके काय मागते आहे ते विचारा. जुने घर, जुनी मैत्रीण, की घरातले ते दुसरे माणूस? यातील शेवटचे कोणत्याही पत्त्यावर परत मिळणारे नसते आणि ते तिला हळुवारपणे, पण खरे सांगावे लागते. तिला वस्तीत स्वतःचे असे काही मिळाले आहे का, तेही पाहा.

झोप उडणे, जेवण तुटणे, शाळेत जाण्यास सतत नकार किंवा कोणी छळत असल्याची चिन्हे असतील, तर वाट न पाहता शाळेशी आणि डॉक्टरांशी बोला. तसे नसेल, तर पूर्ण वर्ष होऊ द्या आणि मग प्रश्न २ मधील कागद पुन्हा काढा. पूर्वी रिकाम्या असलेल्या तासांपुढे आता किती नावे लिहिता येतात, ते मुलीला बरोबर घेऊन मोजा. आमच्या कागदावर पहिल्या वर्षी तीन नावे आली होती, आणि त्यातले एक मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते. ते समोरच्या पायरीवरच्या आजींचे होते.